भरलं, रिकामं, निव्वळ

चोपडा रस्त्यावर, जिनिंगच्या अलीकडे,
माझा वजनकाटा. चाळीस टनांचा.
गाडी चढली की पावती फाडतो :
भरलं, रिकामं, निव्वळ.

धरणगावचं वाचनालय बंद पडलं तेव्हा
सेक्रेटरीनं कपाट इथंच आणून टाकलं.
म्हणाला, तुझ्याकडे रात्रभर दिवा असतो.
तेव्हापासून नऊनंतर
गाड्या विरळ झाल्या की केबिनीत माणसं येतात.

त्या हिवाळ्यात एकच कादंबरी चौघांत फिरली.
शेवटची सोळा पानं नव्हती तिला.
कुणी फाडली नव्हती,
बांधणाऱ्यानं शिवलीच नव्हती.
नायक पुलावर उभा, खाली पाणी,
आणि शेवटचे शब्द : 'मग त्यानं'

वैजंता सिस्टर म्हणाली, घरी गेला तो.
भूक लागली असेल. मी पाहिलीत अशी माणसं,
भाकरीचा वास आला की वळतात.
गनीभाई पिंजारी म्हणाला, उडी.
दोनशे पानं तो दुसरं काय करत होता?
एका उशीसाठी कोण एवढं पिंजतं?
भिला ड्रायव्हर डब्यातली कळण्याची भाकर मोडत म्हणाला,
पुलावर थांबूच देत नाहीत कुणाला.
मागून हॉर्न वाजला असेल.

मी गप्प. मला पावतीला
नेहमी दोन वजनं लागतात.

एकशे बेचाळीस पानावर तो स्वतःला विचारतो,
माझ्या अस्तित्वाला पुरावा काय?
त्या ओळीवर आमच्या तीन रात्री गेल्या.
भिलानं टोलच्या पावत्या पुढे केल्या,
तारीख, वेळ, गाडी नंबर.
गनीभाई म्हणाला, ही गाडी झाली. तू कुठे यात?
सिस्टर स्वेटर विणत होती, टाके मोजत होती.
मोजून झाल्यावर बोलली :
रात्री-बेरात्री बाळंतपणाला जाते मी.
दार वाजवलं की आतून विचारतात, 'कोन शे?'
मी सांगते, 'मी शे.'
आजवर कुणी पुरावा मागितला नाही.
कडी काढतात.

भिला हसला. गनीभाई हसला नाही.
आणि आतून कुणी विचारलंच नाही तर?
सिस्टरचा एक टाका सुटला.

मग मला जळगावला रद्दीत
तीच कादंबरी सापडली, पूर्ण.
रद्दीवाल्यानं तोलून दिली, तीनशे वीस ग्रॅम.
शेवटचा फर्मा कापलेलाच नव्हता,
पानं वरून जुळलेली.
म्हणजे इथवर कुणीच आलं नव्हतं.

सिस्टरच्या पर्समध्ये ब्लेड होतं.
कुणी मागितलं नाही.
उलट आम्ही चौघं काट्यावर जाऊन उभे राहिलो,
पुस्तक घेऊन, मग पुस्तक खाली ठेवून.
दोन्ही वेळा दोनशे साठ किलो.
माझ्या काट्याला दहा किलोच्या खालचं कळत नाही,
हे मला माहीत होतं. तरी बघितलं.

गनीभाई म्हणाला, कापूस पिंजला की
वजन तेवढंच राहतं, जागा वाढते.
आपलंही तेच चाललंय.
गोदडीत मावेना आता.

पुस्तक भिलानं नेलं. सरकी घेऊन इंदूरला निघाला होता.
चौथ्या रात्री फोन आला, सेंधव्याच्या घाटातून.
वारा इतका, की शब्द अर्धेच पोचत.
'वाचं मी. सांगू का?'

सिस्टरनं सुया खाली ठेवल्या.
गनीभाईनं बोटांवरचा कापूस उगाच झटकला,
म्हणाला, नको सांगू.
आणि लगेच, 'बरं, एवढंच सांग.
जित्ता शे का नही?'

तेवढ्यात काट्यावर ट्रक चढला.
केबिन थरथरली, लाल आकडे पळू लागले,
मला बाहेर जावं लागलं.

परत आलो तर फोन बंद होता
आणि दोघं आधीपेक्षा जोरात भांडत होती.
काय म्हणाला, मी विचारलं.
गनीभाईनं पावतीपुस्तक माझ्यापुढे सरकवलं.
'आधी तुझं बघ.
भरलेली आली का रिकामी?'